कैफियत म्हणजे काय?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा वादी असावा. पायरी चढायची की नाही हे वादीला ठरवता येते. प्रतिवादीला ती मुभा नसते, कारण कोर्टच त्याच्या दारापर्यंत चालत येते. आमच्या दारात ते २०२२ च्या डिसेंबर महिन्यात आले.

मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. द्वितीय वर्ष कला वर्गात मराठी हा माझा विषय आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. या लेखात जे लिहिले आहे ते तालुक्याच्या कोर्टातील बाकावर बसून, वकीलसाहेबांना आणि त्यांच्या कारकुनांना विचारून, व भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश चाळून मिळवलेले आहे. जाणकारांना त्यात नवे काही सापडणार नाही. पण आपल्या महाविद्यालयातील निम्म्याहून अधिक मुले माझ्यासारख्याच घरांतून येतात, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते.

आमचे गाव बीड जिल्ह्यात आहे. तीन एकर कोरडवाहू जमीन, आणि तिच्यातली नाल्याकाठची अठरा गुंठे तेवढी ओलीची. दिवाळी झाली की आई आणि अण्णांचा कोयता पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यावर जातो तो उन्हाळ्यातच परत येतो. त्या वर्षी घरी आजी, धाकटा भाऊ आणि मी होतो. मी अकरावीत होते. सायंकाळी कॉलेजातून आले तेव्हा आजी उंबऱ्यावर बसून होती. तिच्या अंगठ्याला निळी शाई होती. "पोलीस येऊन गेला बघ. अंगठा घेतलाय माझा," ती म्हणाली. आलेला माणूस पोलीस नव्हता. तो कोर्टाचा बेलिफ होता, आणि त्याने आणलेला कागद म्हणजे समन्स.

मी तो कागद मोठ्याने वाचला. मराठीतच होता. अण्णांच्या चुलत भावाने, म्हणजे ज्यांना आम्ही तात्या म्हणतो त्यांनी, त्या अठरा गुंठ्यांबद्दल दावा लावला होता. 'आपण स्वतः अगर वकिलामार्फत हजर राहून तीस दिवसांच्या आत आपली लेखी कैफियत दाखल करावी, कसूर केल्यास दाव्याची एकतर्फी सुनावणी होईल' अशा अर्थाचे वाक्य त्यात होते. सोबत दाव्याच्या नकलेची अकरा पाने होती, आणि त्यांत 'दावा मिळकत' हा शब्द पुनःपुन्हा आला होता. आजी म्हणाली, "आपली गं कसली मिळकत? तुझ्या बापाची उचल सोडली तर मिळकत हाय का काही?"

रात्री अण्णांचा फोन आला. मी सांगितले, "कोर्टाचा कागद आलाय. तुमची कैफियत मागितलीय." अण्णा क्षणभर थांबून म्हणाले, "मागू दे की. कैफियत ऐकायची म्हणजे मला बोलावतीलच. आल्यावर सांगतो सगळं."

आमच्या बोलण्यात कैफियत मांडायची असते, ती तोंडाने, आणि कुणी ऐकायला बसले म्हणजे. कागदातला 'लेखी' हा शब्द मी वाचला होता, पण फोनवर सांगितला नाही. तो महत्त्वाचा आहे हे मला कळलेच नव्हते. मराठीत मला शंभरपैकी ब्याऐंशी गुण होते.

पुढे दोन वर्षे विचार करून मी एका निष्कर्षावर आले आहे. कोर्टाच्या भाषेत अनोळखी शब्दांचे भय फारसे नाही. समन्स, वॉरंट, स्टे हे इंग्रजी शब्द आले की खेड्यातला माणूस कुणाला तरी विचारतो. घात करतात ते ओळखीचे शब्द. कैफियत, मिळकत, दरखास्त, मुदत, सूचना, जामीन हे सगळे आपल्या घरातलेच वाटतात, म्हणून त्यांचा अर्थ कुणी विचारत नाही.

प्रथम समन्स. समन्स म्हणजे न्यायालयाचे बोलावणे. त्यात अटक नसते. वॉरंट म्हणजे पकडून आणण्याचा किंवा झडती घेण्याचा हुकूम. आजीने पोलीस म्हटले ते या घोटाळ्यामुळे. आमच्याकडे कोर्टाचा कुठलाही कागद म्हणजे वॉरंटच. समन्स न घेतल्याने ते टळत नाही. सही करायला नकार दिला तर बेलिफ ते दारावर चिकटवून जातो. प्रतिवादी परगावी असेल आणि लवकर परतण्यासारखा नसेल, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातील कोणाही सज्ञान व्यक्तीवर समन्स बजावता येते. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे, तिला गंमत म्हणावे की नाही ते वाचकांनी ठरवावे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तीत पूर्वी कुटुंबातील सज्ञान 'पुरुष' असे शब्द होते. १९७६ च्या दुरुस्तीने 'पुरुष असो वा स्त्री' असे झाले. म्हणजे त्याआधी आजीचा अंगठा चालला नसता. कायद्याने तिला घरातले जबाबदार माणूस मानले ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र अंगठा घेताना कागदात काय आहे हे तिला कुणी सांगितले नाही.

आता कैफियत. हा शब्द मूळचा अरबी. 'कैफ' म्हणजे कसे, त्यावरून कैफियत म्हणजे परिस्थिती कशी आहे ती हकीकत. मराठ्यांच्या दप्तरात घराण्यांच्या आणि गावांच्या कैफियती सापडतात त्या याच अर्थाने. दिवाणी कोर्टात मात्र कैफियत म्हणजे वादीच्या दाव्याला प्रतिवादीने दिलेले लेखी उत्तर. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत ते द्यायचे. कारणे नमूद करून न्यायालय नव्वद दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते, त्यापुढे अगदी अपवाद म्हणून. आणि हे उत्तर कसेही देऊन चालत नाही. दाव्यातील प्रत्येक विधान वेगवेगळे नाकारावे लागते. जे स्पष्टपणे नाकारले नाही ते कबूल केले असे धरले जाते. म्हणूनच कैफियतीत 'परिच्छेद तीनमधील मजकूर खोटा असून प्रतिवादीस कबूल नाही' अशी वाक्ये पानोपान असतात. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले होते. वकीलसाहेब म्हणाले, "पोरी, यातलं एक वाक्य राहिलं तर तेवढी जमीन गेली असं समज."

आम्ही तर एकही वाक्य दिले नव्हते. अण्णा एप्रिलमध्ये परत आले, आणि आम्ही सगळे कोर्टाच्या दुसऱ्या कागदाची वाट पाहत बसलो. शाळेत नाही का, एकदा सांगून पोर आले नाही तर गुरुजी पुन्हा निरोप धाडतात. कोर्ट पुन्हा निरोप धाडत नाही. हजर न राहिलेल्या प्रतिवादीविरुद्ध 'एकतर्फी' चालवण्याचा हुकूम होतो. याचा अर्थ वादी आपोआप जिंकला असा नव्हे. त्याला पुरावा द्यावाच लागतो. पण त्या पुराव्याला प्रश्न विचारणारे कोणी नसते. जुलै २०२३ मध्ये दाव्याचा निकाल लागला. आम्हाला तो ऑक्टोबरात कळला, तात्यांनी नाल्याकाठी तारेचे खांब रोवायला सुरुवात केली तेव्हा. अण्णा धावत गेले. तात्यांच्या हातात हुकूमनाम्याची नक्कल होती. 'निरंतर मनाई' असे त्यात लिहिलेले होते.

मनाई हुकूम दोन प्रकारचा असतो. दावा चालू असेपर्यंतचा तो तूर्तातूर्त, आणि दाव्याच्या शेवटी कायमचा मिळतो तो निरंतर. आमच्या भागातील कोर्टांत तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाला बहुधा पाचवा क्रमांक मिळतो, म्हणून वकील मंडळी 'निशाणी पाचचं काय झालं?' असे एकमेकांना विचारतात. निशाणी म्हणजे कागदावर घातलेला क्रमांक. मला वाटे, ही कुठली तरी गुप्त भाषा आहे. हुकूमनामा झाला तरी तो आपोआप अमलात येत नाही, त्यासाठी वादीला दरखास्त द्यावी लागते. एरवी दरखास्त म्हणजे नुसती विनंती. कोर्टात दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज. बहुतेक हुकूमनाम्यांसाठी ती बारा वर्षांच्या आत द्यावी लागते, पण निरंतर मनाईला ही मुदतही नाही. म्हणजे ते कागद तात्यांच्या नातवानेही बाहेर काढले असते तरी आमच्या भावाच्या मुलाला त्या अठरा गुंठ्यांत पाय टाकता आला नसता. हे समजले त्या रात्री आमच्या घरी कुणी जेवले नाही. आजी एवढेच म्हणाली, "मी अंगठा दिला म्हणून झालं का गं हे?" मी नाही म्हणाले. 'लेखी' हा शब्द मी गाळला होता, हे तेव्हाही तिला सांगितले नाही. येथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो. समन्स बजावलेच नव्हते, किंवा पुरेशा कारणामुळे हजर राहता आले नाही, हे दाखवावे लागते. अर्जाची मुदत हुकूमनाम्यापासून तीस दिवस. समन्स रीतसर बजावले गेले नसेल तर ते तीस दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. आमचे समन्स तर रीतसर बजावलेले होते. म्हणून आधी विलंब माफीचा अर्ज, मग मुख्य अर्ज. आजीने प्रतिज्ञापत्र केले. प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथेवर केलेले लेखी कथन, ते खोटे ठरले तर शिक्षा होऊ शकते. त्यावरही तिने अंगठाच दिला, पण या वेळी आधी संपूर्ण कागद वाचून घेतला आणि दोन ठिकाणी "असं मी म्हणलं नव्हतं" म्हणून तो बदलून घेतला. कारकून कंटाळले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने एकतर्फी हुकूमनामा रद्द केला. तात्यांना खर्चापोटी दीड हजार रुपये द्यावेत अशी अट घातली. ते पैसे मुकादमाच्या उचलीतून गेले. तरीही त्या दिवशी अण्णांनी पेढे आणले होते.

आता 'मिळकत'. आजीची समजूत चुकीची नव्हती, रोजच्या मराठीत मिळकत म्हणजे कमाई. कोर्टात मिळकत म्हणजे मालमत्ता, आणि दावा मिळकत म्हणजे जिच्याबद्दल भांडण आहे ती जमीन किंवा घर. तिच्याच जोडीला कब्जा आणि वहिवाट हे शब्द येतात. मालकी एकाची आणि कब्जा दुसऱ्याचा असे असू शकते. आमच्या गावात सगळ्यांची श्रद्धा सातबाऱ्यावर. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन आपली! वस्तुतः सातबारा हा महसुली अभिलेख आहे. उलट सिद्ध होईपर्यंत त्यातील नोंद खरी धरतात, पण त्या नोंदीने मालकी मिळत नाही. फेरफाराचेही तसेच. मालकी शाबीत होते ती खरेदीखत, वाटणी, वारसा अशा गोष्टींनी. आमच्या दाव्यात तर सातबाऱ्याच्याही मागे जावे लागले. मराठवाड्यातल्या जुन्या जमिनींच्या बाबतीत १९५४ च्या सुमाराचे खासरा पत्रक काढतात, आणि त्याच्याही आधीचा एक कागद पणजोबांच्या पेटीत निघाला तो उर्दूत होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि तिथल्या कोर्टाचे कामकाज उर्दूत चाले. आजी अजून तारखेला 'पेशी' म्हणते ते तिथलेच. पणजोबांना उर्दू येत नव्हते, आजीला वाचता येत नाही, आणि मला मराठी येत असून कैफियत कळली नाही. तीन पिढ्यांत भाषा बदलली, पण आमच्या हातात कागद आला की व्हायचे ते तेच झाले.

यावर काही लोक म्हणतील की फारसी-अरबी शब्द काढून टाकावेत. तसा प्रयत्न पूर्वी झालाही आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी. पुढे २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील जिल्हा व त्याखालील न्यायालयांची भाषा मराठी ठरली. उच्च न्यायालयात अजून इंग्रजीच आहे. पण माझ्या मते शब्द बदलून आमचा प्रश्न सुटला नसता. 'कैफियत' ऐवजी एखादा भारदस्त संस्कृत शब्द असता तर कदाचित मी तो कुणाला विचारला असता एवढेच. त्यापेक्षा समन्सच्या खाली 'हे उत्तर कागदावर लिहून तीस दिवसांत द्यायचे आहे, पुन्हा बोलावणे येणार नाही' असे साधे वाक्य मोठ्या अक्षरांत छापले, आणि बेलिफाने ते वाचून दाखवले, तर पुष्कळ घरे वाचतील.

येथवर सगळे दिवाणीचे झाले. दिवाणी आणि फौजदारी हा भेद मोगली अमलातील दिवाण आणि फौजदार या अधिकाऱ्यांवरून आला. वॉरन हेस्टिंग्सने १७७२ मध्ये बंगालमध्ये दिवाणी आणि फौजदारी अशा दोन अदालती स्थापल्या, आणि ती नावे टिकली. दिवाणीत वादी आणि प्रतिवादी. दोघांत गुन्हेगार कोणीच नाही, हे तालुक्याला जाणाऱ्या एसटीत आमच्याकडे पाहणाऱ्यांना समजावून सांगणे कठीण जाते. फौजदारीत फिर्यादी आणि आरोपी, आणि खटला चालवते सरकार. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. शाबीत होईपर्यंत तो गुन्हेगार नव्हे. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात, अदखलपात्र गुन्ह्यात करू शकत नाहीत. दखलपात्र गुन्ह्याच्या प्रथम खबरी अहवालाची प्रत खबर देणाऱ्याला फुकट मिळाली पाहिजे. अटक केलेल्याला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, हे तर घटनेच्या बाविसाव्या कलमातच आहे. आणि जामीन! आमच्याकडे 'जामिनावर सुटला' म्हणजे 'सुटला' असा अर्थ घेतात, आणि फिर्यादीचे लोक न्याय बुडाला म्हणून हळहळतात. जामीन म्हणजे हमी घेणारा माणूस. आरोपी तारखेला हजर राहील अशी त्याने हमी घ्यायची. स्वतःच स्वतःची हमी लिहून दिली तर तो जातमुचलका. खटला जागच्या जागी असतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे 'चारशेवीस' हे कलमही आता ३१८ मध्ये गेले आहे. बोलण्यातला चारशेवीस मात्र इतक्यात जाईल असे वाटत नाही.

वकिलाच्या फीबद्दल एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता, व इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेखाली, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच त्याची समिती असते. आम्ही दोन वर्षे तिच्या दारावरून गेलो, पाटीही वाचली, पण 'विधी' म्हणजे धार्मिक विधी असे आजीला वाटले आणि मला काहीच वाटले नाही.

आता आमचा दावा साक्षीपर्यंत आला आहे. न्यायालयाने मुद्दे काढले. मुद्दे म्हणजे दोन्ही बाजूंत नेमके कशाबद्दल भांडण आहे त्याचे प्रश्न. तात्यांची साक्ष झाली. पुढची साक्ष अण्णांची. साक्षीत आधी सरतपास, मग उलटतपास, आणि गरज पडल्यास फेरतपास. सरतपास हल्ली प्रतिज्ञापत्रावर देतात, त्यामुळे तो घरी बसून तयार होतो. खरे काम उलटतपासाचे. उत्तर ज्यात दडलेले आहे असा प्रश्न सरतपासात एरवी विचारता येत नाही, उलटतपासात तो चालतो. शिवाय विरुद्ध बाजूचे वकील 'सूचना' करतात. ही सूचना म्हणजे फळ्यावरची सूचना नव्हे. आपल्या पक्षाचे म्हणणे ते साक्षीदाराच्या तोंडावर ठेवतात, आणि त्याने ते कबूल करायचे की नाकारायचे. नाकारले तर लिहिले जाते, 'हे म्हणणे खरे नाही'.

मला भीती आहे ती इथे. अण्णांना शिकलेल्या माणसापुढे 'हो, हो' म्हणत ऐकण्याची सवय आहे. डॉक्टर बोलत असले, मुकादम बोलत असला, माझे सर बोलत असले तरी ते मान हलवत 'हो, हो' म्हणतात. त्याचा अर्थ 'पटले' असा नसून 'ऐकतो आहे' असा असतो. कोर्टात त्या 'हो'चा अर्थ कबुली.

त्यांची तारीख जानेवारीत आहे, ऐन तोडणीच्या हंगामात. ऑक्टोबरात एकदा मुदत घेऊन झाली आहे. एका पक्षकाराला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये असे संहिता म्हणते, आणि वकीलसाहेब आता मुदतीचा अर्ज द्यायला तयार नाहीत. अण्णा रात्रीच्या गाडीने येऊन दुसऱ्या रात्री परत जातील. तोवर रोज साडेआठला, गाडी भरून झाली की, त्यांचा फोन येतो. मी प्रतिज्ञापत्राचा एक परिच्छेद वाचते, एकही शब्द न गाळता. मग विरुद्ध बाजूचा वकील होऊन विचारते, "सदर मिळकतीत तुमची कधीही वहिवाट नव्हती, असे मी सुचवतो."

"हो, हो," अण्णा म्हणतात, आणि लगेच, "थांब, पुन्हा विचार."